म्यूर कुटुंबाचं रान आणि त्यांचा देव



आजचं व्याख्यान एका कुटुंबाविषयी आहे. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर डनबार नावाचं गाव आहे. तिथून १८४९ साली म्यूर नावाचं एक ख्रिस्ती घर अमेरिकेत गेलं आणि विस्कॉन्सिनच्या रानात शेती करू लागलं. या घरातला थोरला मुलगा जॉन पुढे जगप्रसिद्ध झाला. योसेमिटीचं खोरं, अमेरिकेतली राष्ट्रीय उद्यानं, सिएरा क्लब हे शब्द निघाले की त्याचं नाव निघतंच. लांब दाढी, हातात काठी, मागे डोंगर असा त्याचा फोटोही आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल.

त्याची जी गोष्ट नेहमी सांगितली जाते ती थोडक्यात अशी. बाप कर्मठ होता, मुलाला मारून मारून बायबल पाठ करायला लावायचा. मुलगा कंटाळला, घर सोडून डोंगरात गेला, आणि तिथं त्याला खरा देव भेटला. गोष्ट ऐकायला बरी वाटते. आम्हाला मात्र ती पुरती पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगण्यासाठीच आजचा तास घेतला आहे.

सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो. या घरातल्या लहानपणाविषयी आपल्याला जे माहीत आहे ते बहुतेक सगळं एकाच माणसाच्या तोंडून आलेलं आहे. जॉन म्यूरने आपल्या बालपणाचं पुस्तक १९१३ साली प्रसिद्ध केलं. त्याचा कच्चा मजकूर १९०८ मध्ये, ऑरेगनमधल्या क्लॅमथ सरोवराकाठी, रेल्वेसम्राट हॅरिमन यांच्या मुक्कामी तयार झाला. म्यूर बोलत होता आणि हॅरिमनचा लघुलेखक उतरवून घेत होता. तेव्हा म्यूर सत्तर वर्षांचा होता आणि वडील जाऊन तेवीस वर्षं झाली होती. वडिलांनी पुस्तक लिहिलं नाही, त्यांची काही पत्रं तेवढी आहेत. आई फारशी बोलतच नाही. म्हणजे खटला मोठा आणि साक्षीदार एक. साक्षीदार प्रामाणिक आहे असं आमचं मत आहे, कारण स्वतःच्या बाजूला न बसणाऱ्या गोष्टीही तो सांगून जातो. आपण त्याच गोष्टींकडे जरा जास्त लक्ष देऊ.

वडील डॅनियल म्यूर. लहानपणीच पोरका झालेला, बहिणीच्या घरी वाढलेला माणूस. काही काळ सैन्यात होता, मग डनबारला धान्य-पिठाचं दुकान टाकलं. पहिली बायको वारली, दुसरी ॲन गिलराय. धर्माच्या बाबतीत त्याला कुठंच चैन नव्हतं. स्कॉटलंडचं अधिकृत चर्च त्याला ढिलं वाटलं, फुटून निघालेली मंडळीही पुरेशी कडक वाटेनात, आणि शेवटी तो अलेक्झांडर कॅम्पबेलच्या ‘डिसायपल्स’ पंथाकडे वळला. या पंथाचं म्हणणं साधं होतं. नंतरच्या धर्मसभांचे ठराव बाजूला ठेवा, नव्या करारात जे आहे तेवढंच प्रमाण माना. अशा माणसाच्या घरात बायबलला काय स्थान असेल याची कल्पना करा. अकरा वर्षांचा होईपर्यंत जॉनला अख्खा नवा करार आणि जुन्या कराराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग तोंडपाठ होता. पाठ झालं ते पाठीवर वळ उठवूनच. आपल्याकडे ज्यांनी छडीच्या धाकानं पाढे म्हटले आहेत त्यांना यातलं अर्धं तरी समजेल.

पण याच डॅनियलला बागेचा नाद होता. घरामागे त्यानं फुलं लावली होती आणि प्रत्येक पोराला वाफ्याचा एक एक तुकडा दिला होता. त्यात काय पेरायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. पोरं तेवढ्यावर थांबत नव्हती, हे वेगळं. शनिवारी ती समुद्राकडे, रानाकडे पळत, पडक्या किल्ल्याच्या भिंतींवर चढत. रात्री खिडकीतून कौलांवर उतरून, कोण जास्त पुढे जातो याच्या पैजा लावत. घरी आलं की मार. पुढच्या शनिवारी पुन्हा किल्ला.

१८ फेब्रुवारी १८४९ च्या संध्याकाळी जॉन आणि त्याचा भाऊ डेव्हिड आजोळी शेकोटीपाशी धडे करत बसले होते. वडील आत आले आणि म्हणाले, आज अभ्यास नको, उद्या सकाळी आपण अमेरिकेला निघतोय. पोरं हरखून गेली. म्हाताऱ्या आजोबांनी दोघांच्या हातात आठवण म्हणून सोन्याचं एक एक नाणं ठेवलं आणि खाली बघत एवढंच सांगितलं की पोरांनो, तिथं कष्टही पुष्कळ आहेत. आजोबांचं म्हणणं किती खरं होतं ते पोरांना दोन-तीन वर्षांत कळलं.

पुढे गेले चौघेच. वडील, तेरा वर्षांची सारा, जॉन आणि डेव्हिड. शिडाच्या जहाजावर सहा आठवडे आणि वर तीन दिवस गेले. डॅनियलनं सामानात काय घेतलं होतं माहीत आहे का? दुकानातला मोठा तराजू, बिडाची वजनं, त्यातली दोन तर छप्पन-छप्पन पौंडांची. रानात जाऊन काय तोलणार होता कोण जाणे. विस्कॉन्सिनमध्ये पोर्टेज गावाच्या उत्तरेला एका तळ्याकाठी त्यानं ऐंशी एकर जागा घेतली. शेजाऱ्यांनी मिळून एका दिवसात खोपटं उभं करून दिलं. तळ्याला नाव पडलं फाउंटन लेक. पक्कं घर बांधून झाल्यावर त्याच वर्षाच्या शेवटी आई बाकीच्या मुलांना घेऊन आली. सगळ्यात धाकटी जोॲना नंतर तिथंच जन्मली. एकूण आठ भावंडं.

आता या रानातल्या पहिल्या वर्षांकडे बघा. मुलांना तो स्वर्ग वाटला. निळ्या पाखरांची घरटी, कुरणातली कमळं, उन्हाळी रात्रीचे काजवे, आकाश झाकून टाकणारे जंगली कबुतरांचे थवे. पोहायला कसं शिकायचं असं विचारल्यावर वडिलांनी सांगितलं, बेडकांकडे बघा, ते शिकवतील. आणि मुलं खरंच बेडकांकडे बघून शिकली. एकदा जॉन नावेजवळ घाबरून तळाशी गेला, बुडताबुडता वाचला. पहिली संधी मिळताच तो एकटाच नाव घेऊन तळ्याच्या मध्यावर गेला आणि आपल्याच अंगाला शिक्षा म्हणून पुन्हा पुन्हा उडी मारून खोल बुडी घेत राहिला. हे वागणं कुठून आलं असेल? शरीराला धाक दाखवायचा, भीतीला तिच्या घरात जाऊन गाठायचं, हा धडा बापाचाच होता. मुलानं तो फक्त तळ्यात नेला.

झाडं तोडून जमीन मोकळी करताना काटक्या-फांद्यांचे ढीग पेटवत. त्या जाळापाशी उभं राहून डॅनियल मुलांना नरक समजावून सांगायचा. या आगीत पडलात तर काय होईल? नरकाची आग याहून कितीतरी पट प्रखर, आणि ती विझत नाही, आणि आत पडलेला मरतही नाही. म्यूर लिहितो की हे धडे मोकळ्या हवेत लवकरच विरून जात, पोरवयातल्या आशेपुढे ते टिकत नसत. पण साठ वर्षांनी त्याला तो प्रसंग शब्दांसकट आठवत होता हेही खरं, आणि त्याचं कौतुकही वाटतं आणि काळजीही.

आणि आता ती गोष्ट, जी प्रचलित कथेत सहसा येत नाही. हिवाळ्याच्या एका रात्री उत्तर आकाशात अरोरा दिसला. तांबडा, सगळं आभाळ व्यापून टाकणारा. डॅनियल बाहेर होता. त्यानं बायकोला आणि मुलांना हाका मारून अंगणात बोलावलं. बघा, देवाचं तेज बघा. आकाशभर पसरलेलं हे तांबडं वस्त्र म्हणजे प्रत्यक्ष परमेश्वराचाच पोशाख आहे, गप्प उभे राहा आणि नमन करा. सगळं कुटुंब थंडीत मान वर करून उभं राहिलं.

आम्ही म्यूरचं डोंगरांवरचं लिखाण वाचतो तेव्हा ही रात्र आठवते. पर्वतावरचा प्रकाश म्हणजे देवाचं वस्त्र, दरी म्हणजे मंदिर, वारा म्हणजे स्तोत्र, असं तो आयुष्यभर लिहीत राहिला. ही भाषा त्याला कॅलिफोर्नियानं दिली असं आम्हाला वाटत नाही. ती विस्कॉन्सिनच्या अंगणात, ज्याच्या हातात पट्टा असायचा त्याच माणसाच्या तोंडून त्यानं ऐकली होती.

म्हणून बापाला सोडून द्यायचं का? मुळीच नाही. पहिल्या जमिनीचा कस आठ वर्षांत संपला आणि डॅनियलनं पाच-सहा मैलांवर हिकरी हिल नावाची दुसरी कोरी जमीन घेतली. तिथं पाणी नव्हतं. विहीर खणायची ठरली. वरची दहा फूट माती गेल्यावर वाळूचा खडक लागला. सुरुंगाची दारू वापरून पाहिली, जमलं नाही. मग छिन्नी आणि हातोडा देऊन जॉनला खाली सोडलं. तीन फूट रुंदीच्या त्या भोकात तो सकाळी उतरायचा, दुपारी जेवायला वर, पुन्हा खाली, ते रात्रीपर्यंत. असे महिनोन्‌महिने. ऐंशी फुटांवर गेल्यावर एका सकाळी खाली कार्बन डायऑक्साइड साचला होता. उतरताच त्याला गुंगी येऊ लागली. वर तोंडाशी ओकची एक फांदी दिसत होती. तिच्याकडे बघून शुद्ध आली आणि तो क्षीण आवाजात पुटपुटला, मला वर काढा. बाप घाबरून सांगत होता, बादलीत बस, घट्ट धर. कसाबसा वर आला. विल्यम डंकन नावाचा शेजारी खाणीत काम केलेला होता. त्यानं उपाय सांगितला. खाली पाणी फेका, दोरीला झाडोऱ्याचा भारा बांधून वर-खाली करा, वायू हलतो. एक-दोन दिवसांत पोरगा बरा झाल्यावर त्याला पुन्हा त्याच विहिरीत उतरवलं. नव्वद फुटांवर पाणी लागलं. म्यूर पुढे एक कोरडं वाक्य लिहून ठेवतो, त्याचा आशय असा की त्या विहिरीत वडिलांनी स्वतः एक तासही काढला नाही.

तेव्हा वडील काय करत होते? बायबलचा अभ्यास. नाहीतर आसपासच्या वस्त्यांवर प्रवचनं. शेतीचं काम त्यांनी पोरांवर सोपवलं होतं. डॉक्टर आणायचा नाही, देव आणि कष्ट हेच वैद्य. गालगुंड झालं तरी पोर कापणीवर. नॉब नावाची घोडी होती, मुलांची लाडकी. कडक उन्हात एका धर्मसभेला वेळेवर पोचायचं म्हणून डॅनियलनं तिला इतकं पळवलं की ती परत सावरलीच नाही. म्यूरच्या लिखाणात पुढे सतत एक राग येतो. माणसाला आत्मा आहे आणि जनावराला नाही, हे कोणी ठरवलं? तो राग पुस्तकातून आलेला नाही, घोडीच्या मरणातून आलेला आहे.

या घरात वाद घालायचा तर बायबलच हत्यार. डॅनियलनं मध्येच मांसाहार बंद केला, घरात नुसत्या भाकरी-भाजीचं राज्य. जॉननं विचारलं, संदेष्टा एलीया रानात लपला होता तेव्हा देवानं कावळ्यांकरवी त्याला काय पाठवलं? भाकर आणि मांस, सकाळ-संध्याकाळ. देवाला शाकाहार हवा असता तर कावळ्यांनी भाजी नसती का आणली? डॅनियल थांबला आणि आपण चुकलो असं त्यानं कबूल केलं. आम्हाला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. हा माणूस मुलाच्या रडण्यापुढे झुकत नव्हता, आईच्या शब्दापुढे नाही, पण ग्रंथातल्या ओळीपुढे झुकत होता. आणि मुलाला हे बरोबर कळलं होतं. अर्थात प्रत्येक वेळी जमत नसे. एकदा थॉमस डिकच्या पुस्तकावरून वाद झाला. त्याच्या नावात ‘तत्त्वज्ञ’ असा शब्द होता म्हणून वडिलांचा विरोध. जॉन म्हणाला, विद्या नसती तर तुमचा चष्मा कुणी केला असता? वडिलांचं उत्तर तयार होतं. चष्मे करायला दुनियादारीतले लोक नेहमीच भरपूर मिळतील.

आता आजच्या व्याख्यानाचा जो खरा गाभा आहे तिथं येऊ. ही जमीन कोणाची होती?

म्यूर मंडळी आली १८४९ मध्ये. मेनॉमिनी लोकांनी ही जमीन सरकारला देण्याचा करार झाला १८४८ मध्ये. म्हणजे शाई पुरती वाळली नव्हती. त्या भागातून विनेबागो, म्हणजे ज्यांना आज हो-चंक म्हणतात, ते लोकही येत-जात असत. मुलांनी त्यांना शिकार करताना, झाडांवरून मध काढताना पाहिलं होतं. म्यूरच्या पुस्तकात एक वाद नोंदलेला आहे. शेजारी जॉर्ज मेअर म्हणून एक स्कॉटिश गृहस्थ होते. एकदा ते म्हणाले, बिचाऱ्या इंडियनांना हळूहळू हटवून त्यांची जमीन घेतली जाते आहे, हे वाईट आहे. डॅनियलनं धर्माचा आधार घेऊन उत्तर दिलं. इतकी सुपीक जमीन नुसती शिकारीसाठी पडून राहावी असं देवाच्या मनात असणं शक्य नाही. शेतकरी त्याच जमिनीवर दहापट, शंभरपट माणसं पोसू शकतात, आणि शुभवर्तमानही पसरवू शकतात. मेअरचं उत्तर ऐका. आपली शेती किती अडाणीपणाची आहे बघा. उद्या आपल्यापेक्षा हुशार शेतकरी आला आणि तुमच्यापेक्षा पाचपट पीक काढून दाखवतो म्हणाला, तर त्यानं तुम्हाला हाकलून द्यावं का?

म्यूर लिहितो, मी तेव्हा लहान होतो, पण वादात मेअरची बाजू वरचढ आहे असं मला वाटल्याचं चांगलं आठवतं.

हे वाक्य त्यानं लिहिलं म्हणून आम्ही त्याला प्रामाणिक साक्षीदार म्हणतो. आणि याच वाक्यावरून त्याला पुढे प्रश्न विचारायचा आहे.

मधली वर्षं भराभर घेऊ. पहाटे एकला उठून तळघरात लाकडी घड्याळं करणारा हा मुलगा १८६० मध्ये ती घेऊन मॅडिसनच्या प्रदर्शनात गेला, मग तिथल्या विद्यापीठात. नंतर काही काळ कॅनडा, मग इंडियानापोलिसचा कारखाना. १८६७ च्या मार्चमध्ये अवजार निसटून डोळ्यात घुसलं, काही आठवडे अंधाऱ्या खोलीत गेले. दृष्टी परत आली तेव्हा त्यानं यंत्रं सोडली आणि सप्टेंबरमध्ये केंटकीपासून फ्लोरिडाच्या समुद्रापर्यंत पायी निघाला. पिशवीत काय? कंगवा, टॉवेल, साबण, कपड्यांचा एक जोड, बर्न्सच्या कविता, मिल्टनचं महाकाव्य, आणि छोटा नवा करार. घर सोडलं होतं, ग्रंथ सोडला नव्हता. या प्रवासाच्या वहीत त्यानं लिहिलेला विचार मोठा धाडसाचा आहे. सगळी सृष्टी माणसासाठी केली असं धर्मोपदेशक सांगतात. मग सुसरी कोणासाठी? देवानं सगळ्यात लहान जीवही त्याच्या स्वतःच्या सुखासाठी घडवला असेल, असं का नाही? बघा, हा माणूस देवाविरुद्ध बोलत नाही. देवाच्या वतीनं माणसाच्या घमेंडीविरुद्ध बोलतो. असं बोलायला संदेष्ट्यांची पुस्तकं तोंडपाठ असावी लागतात.

१८६८ मध्ये कॅलिफोर्निया. १८६९ चा उन्हाळा मेंढ्यांमागे सिएराच्या डोंगरात. सप्टेंबरमध्ये कॅथीड्रल पीक नावाच्या सुळक्यावर तो एकटा चढला आणि कॅलिफोर्नियात आल्यापासून आज मी पहिल्यांदा चर्चमध्ये आलो, अशा अर्थाचं त्यानं लिहिलं.

हे सगळं वडिलांना कसं वाटलं? १८७४ च्या मार्चमधलं डॅनियलचं पत्र आहे. मुलाचं डोंगरातल्या एका जीवघेण्या प्रसंगाचं वर्णन त्याच्या वाचनात आलं होतं. वाचताना जीव टांगणीला लागला हे तो आधी कबूल करतो, आणि ते बापाचं बोलणं आहे. मग उपदेशक जागा होतो. हे देवाचं काम नव्हे. तुझे बर्फाचे थंड सुळके देवाच्या भक्ताचं हृदय गरम करू शकत नाहीत. तू जे दाखवायला धडपडतोस ते पवित्र आत्मा विश्वासणाऱ्याला एका दृष्टिक्षेपात दाखवतो, आणि मग त्याचे डोळे दिसणाऱ्या, नाशवंत गोष्टींवरून उठून न दिसणाऱ्या, शाश्वत गोष्टींवर जातात. पुस्तक लिहितो आहेस ना, ते जाळून टाक.

पत्र कठोर आहे, पण गोंधळलेलं नाही. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातला दृश्य-अदृश्याचा विचार त्यामागे आहे. दोघांच्या मतभेदाचा नेमका सांधा इथं सापडतो. दोघांनाही सृष्टीत देवाचं तेज दिसतं. बाप म्हणतो, तेज दिसलं ना? आता नजर काढ आणि पलीकडे बघ. मुलगा म्हणतो, तेज दिसलं, आता मी इथंच बघत बसणार, दगड कसा घासला गेला ते मोजणार, हिमनदीत काठ्या रोवून ती किती सरकते ते पाहणार. त्यातूनच योसेमिटी हिमनद्यांनी कोरली हा त्याचा सिद्धांत आला. राज्याचे भूवैज्ञानिक व्हिटनी तेव्हा दरी खचून तयार झाली असं ठामपणे सांगत होते. टक लावून बघत बसण्याला म्यूर उपासना मानत होता, म्हणून विज्ञानही झालं.

१८८५ मध्ये म्यूर आपल्या बायको-मुलीला सोडून पूर्वेकडे निघाला, वडील आता फार दिवस राहणार नाहीत असं त्याच्या मनानं घेतलं होतं. आईवडील तेव्हा वेगळे राहत. प्रवचनासाठी गाव सोडून जाणाऱ्या नवऱ्यामागे ॲन गेली नाही, ती पोर्टेजलाच राहिली. या बाईचं मौन आम्हाला नेहमी सलतं, पण तेवढा एक निर्णय तिनं बोलून दाखवला म्हणायचा. वडील कॅन्सस सिटीत जोॲनाकडे होते. म्यूरनं भावंडांना जमवलं, आणि ऑक्टोबरमध्ये त्यांच्यासमक्ष डॅनियल गेला.

म्यूर स्वतः बाप म्हणून कसा होता? वांडा आणि हेलन या दोन मुली. मार्टिनेझच्या फळबागेभोवतीच्या टेकड्यांवर तो त्यांना फिरवायचा, फुलांची नावं शिकवायचा. पाठांतर होतं, पट्टा नव्हता. बागेच्या कामात त्याची तब्येत खालावली तेव्हा १८८८ मध्ये बायको ल्युईनं पत्रात लिहिलं की ज्या मळ्यासाठी तुमचं आयुष्य खर्ची पडतंय तो मळा काय कामाचा, तुम्ही डोंगरात जा. डॅनियलच्या घरात असं पत्र कोणी लिहू शकलं असतं का, याचा विचार करा.

आता तो प्रश्न. मेअरची बाजू बरोबर होती असं वाटलेला मुलगा मोठेपणी योसेमिटीत आला. ती दरी कोणाची होती? १८५१ मध्ये मॅरिपोसा बटालियन नावाची तुकडी तिथं शिरली आणि आवाहनीची लोकांना तिथून हुसकावण्यात आलं. म्यूर पोचला तो फक्त सतरा वर्षांनी. काही लोक परतले होते, दरीत राहतही होते. म्यूरनं सिएरात भेटलेल्या मूळ रहिवाशांबद्दल जे लिहिलं त्यात घाणेरडे, आळशी असे शब्द आहेत. स्वच्छ डोंगरात हे लोक त्याला विसंगत वाटले. पुढे अलास्कात त्लिंगित लोकांबरोबर होडीतून हिंडल्यावर त्याचं लिखाण बरंच बदलतं, आदर येतो. पण सिएराच्या पानांवरचे शब्द तसेच राहिले. जुलै २०२० मध्ये त्यानंच स्थापलेल्या सिएरा क्लबनं या लिखाणाबद्दल जाहीर निवेदन काढलं.

आमचं म्हणणं असं की इथं बाप आणि मुलगा पुन्हा एकाच बाकावर येऊन बसतात. बाप म्हणाला, देवाला ही जमीन शेतासाठी हवी आहे. मुलगा म्हणाला, देवाचं हे मंदिर आहे. शेतात शिकाऱ्याला जागा नाही आणि मंदिरात स्वयंपाकाच्या धुराला. हेच मंदिराचं रूपक हेच हेची दरीच्या लढ्यात म्यूरचं सर्वात धारदार शस्त्र होतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या पाण्यासाठी तिथं धरण बांधू पाहणाऱ्यांना त्यानं मंदिर फोडणारे म्हटलं, अगदी जुन्या करारातल्या संदेष्ट्याच्या थाटात. आम्हाला तो लढा योग्यच वाटतो. पण रूपक काय झाकतं तेही बघावं लागतं. डिसेंबर १९१३ मध्ये कायदा झाला, दरी पाण्याखाली जायचं ठरलं. वर्षभरानं, वाळवंटात राहणाऱ्या हेलनला भेटायला गेलेला म्यूर न्यूमोनियानं आजारी पडला आणि २४ डिसेंबर १९१४ रोजी लॉस एंजेलिसच्या रुग्णालयात वारला.

शेवटी पुन्हा विस्कॉन्सिन. फाउंटन लेकची जमीन नंतर साराच्या नवऱ्याकडे आली होती. म्यूरनं मेहुण्याला विचारलं होतं की तळ्याकाठचं कुरण मला विक, कुंपण घालून ठेव, गुरं आत येऊ देऊ नकोस, तिथली कमळं आणि नेचे राहू देत. मेहुण्याला तो खुळेपणा वाटला, कुंपण किती दिवस टिकणार म्हणाला. व्यवहार झाला नाही. १८९५ मध्ये सिएरा क्लबच्या सभेत म्यूरनं ही हकिगत स्वतः सांगितली. आज ती जागा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे आणि तळं-कुरण जपलेलं आहे.

आणि मेनॉमिनी? त्यांना मिनेसोटाला पाठवायचा बेत होता, ते गेले नाहीत. १८५४ मध्ये त्यांना वुल्फ नदीकाठी, फाउंटन लेकच्या उत्तरेला, राखीव प्रदेश मिळाला. सुमारे दोन लाख पस्तीस हजार एकर, त्यातलं नव्वद टक्क्यांहून जास्त जंगल. ते तिथं दीडशे वर्षांहून अधिक काळ लाकूड तोडत आहेत, स्वतःची गिरणी चालवत आहेत, आणि आज त्या जंगलात उभं असलेलं लाकूड १८५४ पेक्षा जास्त आहे. आजूबाजूची शेतं आणि ते जंगल यांच्यातली सीमारेषा अवकाशातून घेतलेल्या छायाचित्रांत स्पष्ट दिसते.

प्रश्न असतील तर आता घेऊ.